हा हात ओळखीचा नाही

सागरगोट्यांचीही चोरी होऊ शकते हे ज्या दिवशी सिद्ध झालं, त्या दिवशी मराठी माणूस जागतिक बाजारपेठेत उतरला असं म्हणायला हरकत नाही. तोवर सागरगोटे म्हणजे एका काटेरी झुडपाच्या बिया होत्या. त्या फुकट मिळत, मुली त्या फ्रॉकच्या खिशात ठेवत आणि लग्नाच्या आसपास कधीतरी हरवत. मग पुण्यातल्या बावधन भागातल्या एका छोट्या कंपनीने त्यांचा मोबाइल गेम काढला. अंगठ्याने काचेवर झटका द्यायचा, पाच गोटे वर उडवायचे आणि खाली येताना पडद्यावरच्या हाताच्या पाठीवर झेलायचे. एवढंच. पण खाली पडताना त्यांचा जो टकटक आवाज येई, तो ऐकून पन्नाशीच्या पुढच्या बायका जेवण विसरत. अकरा दिवसांत सहा लाख लोक तो गेम खेळू लागले. त्यांतल्या चौदा हजारांनी तो विकत घेतला होता.

कंपनीचे मालक दत्तप्रसाद फडतरे यांना हे आकडे दाखवण्यात आले, तेव्हा एक उत्साही कर्मचारी म्हणाला, “म्हणजे सर, लोकांना आवडलाय.” तो पुढच्या मीटिंगला नव्हता.

परवाना तपासणी ही गोष्ट तेव्हा फार भाबडी होती. गेम उघडला की तो दुकानाच्या सर्व्हरला विचारायचा, या माणसाने पैसे भरलेत का? सर्व्हर हो किंवा नाही म्हणायचा. चोर सर्व्हरच्या वाटेला जातच नसत. ते गेमच्या आत शिरून एवढीच व्यवस्था करत, की उत्तर काहीही आलं तरी गेमला ‘हो’ ऐकू यावं. म्हणजे वॉचमनने ‘कोण आहे?’ विचारायचं आणि स्वतःच ‘आपलाच माणूस’ म्हणून दार उघडायचं. सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही यात नवल वाटू नये.

हा वॉचमन काढून टाकायचं काम केतकी जगदाळे हिच्याकडे आलं. वय एक्केचाळीस, कंपनीत नऊ वर्षं, घरी एकटी, स्वभाव कामसू. तिने विचार केला, की जोवर ‘हो’ आणि ‘नाही’ हे दोन शब्द गेममध्ये आहेत तोवर कुणीतरी एकाच्या जागी दुसरा बसवणारच. तेव्हा ते शब्दच नकोत.

प्रत्येकाचा अंगठा आपापल्या पद्धतीने चालतो. तो काचेवर कुठे टेकतो, किती दाबतो, कुठल्या अंगाला कलतो, सुटण्याआधी किती थबकतो, हे फोनची काच सेकंदाला शेकडो वेळा टिपत असते. चाळीसेक झटक्यांत त्याची एक नक्षी तयार होते. ती सहीसारखीच ज्याची त्याची असते, पण सहीपेक्षा भरवशाची, कारण ती आपल्यालाही ठाऊक नसते. केतकीने ही नक्षी ओळखायला एक यंत्र शिकवलं आणि गोटे खाली कसे पडतील याचं सगळं गणित त्या नक्षीतूनच सोडवायला लावलं. हात परवानाधारकाचा असला की गणित सुटे आणि गोटे खाली येत. परका असला की सुटत नसे, आणि वर गेलेले गोटे वरच राहत. थोडाफार जुळला तर एखाददुसरा खाली येई, बाकीचे लटकत. चोरांना फोडायला कुलूपच उरलं नाही. परक्या माणसासाठी गुरुत्वाकर्षणच रद्द केलेलं होतं.

लटकलेल्या गोट्यांखाली एक ओळ उमटायची: ‘हा हात ओळखीचा नाही.’ ही ओळ खुद्द फडतरेंची. वकिलांनी सुचवलेली तीच गोष्ट अकरा ओळींची होती.

यंत्राला शिकवायला हात लागणार होते. केतकीने तिच्या आईला फोन केला.

छाया जगदाळे साताऱ्यात, सदर बझारमधल्या एका चार मजली इमारतीत राहत. एसटीच्या सातारा आगारात पास आणि आरक्षणाच्या खिडकीवर त्यांची तेहतीस वर्षं गेली होती. खोटा पास त्या न बघता, नुसता हातात घेऊन ओळखत, अशी आगारात ख्याती होती. ओळखल्यावर काय करायचं हे मात्र त्या समोरच्या चेहऱ्याकडे बघून ठरवत. निवृत्तीनंतर दोन्ही गुडघे बदलून झाले होते. त्यासाठी म्हणून महिनाभराकरता आलेली शबाना मुलाणी पाच वर्षं झाली तरी रोज दहा ते पाच येतच होती. गुडघे केव्हाच बरे झाले होते, पण तो विषय दोघींपैकी कुणी काढत नसे.

छायाताईंनी इमारतीतल्या आणि आजूबाजूच्या मिळून बारा बायका जमवल्या. शबाना बारावी. प्रत्येकीला एक फोन मिळाला. एप्रिल आणि मे, रोज एक तास खेळायचं. शेवटी प्रत्येकीने एका फॉर्मवर खूण करायची होती: ‘माझ्या फोनवर मी एकटीच खेळले.’ बाराही जणींनी केली. यंत्र शिकलं. दसऱ्याला गेमची नवी आवृत्ती निघाली आणि महिन्याभरात चोरीच्या प्रती जगातून नाहीशा झाल्या. फडतरेंना दिल्लीत एक ढाल मिळाली. ती त्यांनी केतकीच्या टेबलावर ठेवली, फोटो काढला आणि परत नेली.

पहिली तक्रार जळगावहून आली. एका गृहस्थाने लिहिलं होतं: ‘परवाना माझ्या पत्नीच्या नावे आहे. गेम पत्नीला चालतो. मुलांना चालतो. शेजारच्या वाणीवहिनींना चालतो. मला चालत नाही. मी घरातच राहतो. कृपया खुलासा व्हावा.’

कंपनीने उत्तर पाठवलं, की परवाना एकाच व्यक्तीपुरता असतो, त्यामुळे आपल्याला न चालणं हे योग्यच आहे. मुलांना आणि वाणीवहिनींना का चालतो, यावर उत्तरात काही नव्हतं, कारण ते कुणालाच माहीत नव्हतं.

मग अशी पत्रं गोणीने यायला लागली. गेम परक्याला अडवत होता यात वाद नव्हता. पण परकं कोण, याबद्दल त्याची मतं वेगळी होती. एका घरात सुनेचा गेम सासूला चालला आणि नवऱ्याला नाही, तर दुसऱ्या घरात बापाचा गेम मुलाला चालेना, त्याच्या ड्रायव्हरला चालला. लोकांनी सुरुवातीला हसण्यावारी नेलं. नंतर ते मोजायला लागले.

चार महिन्यांत ‘गोटे पडणे’ हा प्रयोग मराठीत रुळला. लग्न जुळवणाऱ्या संस्था दोन्हीकडच्या मंडळींना एकमेकांच्या फोनवर बसवू लागल्या. कांदेपोह्यांच्या जागी हे आलं असं नाही, कांदेपोहे झाल्यावर हे असे. “मुलाच्या घरात आपसात किती पडतात?” “चार.” “अगंबाई, छान!” घटस्फोटाच्या वकिलांनी फोन हातात धरून युक्तिवाद केले. एका तीन पक्षांच्या आघाडीने जाहीर सभेत एकजूट दाखवण्यासाठी एकाच फोनवर तिन्ही नेत्यांना झटके मारायला लावले. पंधरा गोटे व्यासपीठामागच्या मोठ्या पडद्यावर सभा संपेपर्यंत लटकत होते. नंतर लाइट गेले असल्याचं पत्रक निघालं.

“केतकी, हा दोष नाही,” फडतरे म्हणाले. “हे दुसरं प्रॉडक्ट आहे. नातेतपासणी! काल घरी करून बघितलं मी. हिच्या फोनवर माझे तीन पडले. तीन म्हणजे पास ना?”

“सर, तीन म्हणजे काहीच नाही. यंत्र चुकतंय.”

“चुकतंय कसं? आमच्या साडूचे शून्य पडले. अगदी बरोबर आहे ते.”

“सर, यंत्राला नाती कळत नाहीत. त्याला अंगठा कळतो. माझ्या डेटात कुठेतरी घाण आहे.”

“ती घाण शोध,” फडतरे म्हणाले, “पण काढू नको.”

मार्चच्या पहिल्या शनिवारी केतकी साताऱ्याला गेली. दिवाळीनंतर पहिल्यांदा. मध्ये दर रविवारी व्हिडिओ कॉल होता, साडेदहाचा, वीस मिनिटांचा, आणि तो तिने एकदाही चुकवला नव्हता. छायाताई गॅलरीत खुर्चीवर बसून खेळत होत्या. शबाना खाली बसून मेथी निवडत होती.

“दे बघू,” केतकी म्हणाली. कामाचं म्हणून. तिने अंगठा टेकवला आणि झटका दिला.

पाच गोटे वर गेले आणि वरच राहिले. पाचही. शबानाने मेथीची नवी जुडी मोडली.

“बिघडला का?” छायाताईंनी विचारलं. “शबाना, बघ गं जरा.”

शबानाने हात ओढणीला पुसले आणि झटका दिला. टक टक टक टक, टक. तिने फोन पालथा करून ठेवला आणि पुन्हा मेथी घेतली.

“नाही मावशी, चालतोय,” ती म्हणाली. मग केतकीकडे बघून, “ताई, तुमचा हात गार असेल. आत्ताच आलात ना बाहेरनं.”

बाहेर छत्तीस डिग्री होतं.

“हा दोष आहे यंत्रात,” केतकी म्हणाली. “त्याचा काही अर्थ नसतो. लोक उगाच काहीही काढतात.”

“असेल,” छायाताई म्हणाल्या. तेहतीस वर्षं खिडकीमागे बसून त्या हा शब्द हजारो लोकांना म्हणाल्या होत्या. “पास घरी राहिला,” असं समोरचा म्हणाला, की “असेल.”

जेवताना केतकीने विषय काढला. “आई, मागच्या उन्हाळ्यात ते फोन दिले होते. तुम्ही प्रत्येकीने आपापल्याच फोनवर खेळलात ना?”

“हो. म्हणजे, आपापल्या फोनवर.”

“एकटीनेच?”

छायाताईंनी शबानाकडे बघितलं. शबानाने आमटीकडे.

“अगं, एप्रिल-मे म्हटल्यावर आमचे पापड नसतात का? गच्चीवर सगळ्या. हात पिठात. तास भरायचा म्हणून तुझा तो फोन टुणटुण करायचा. मग जिचे हात मोकळे असतील ती खेळायची. आपला काय, दुसरीचा काय. कुठल्याच फोनचा तास चुकला नाही, हां. एकदा तर शबानाने दोन हातांनी दोन फोन खेळले.”

“तीन,” शबाना म्हणाली. “एक मांडीवर होता.”

“फॉर्मवर तुम्ही सह्या केल्यात. एकटीच खेळले म्हणून.”

“खूण केल्याशिवाय पुढचं पानच येत नव्हतं, बाई. तुम्हीच तसं केलं होतं.”

केतकीने उरलेला भात संपवला. तिला सगळं कळलं होतं, आणि ते इतकं स्वच्छ होतं की कौतुकच वाटावं. यंत्राला बारा माणसं दाखवली होती आणि प्रत्येक माणूस म्हणजे बारा हात होते. माणूस नावाची वस्तू एकाच हाताची असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्या हातांमध्ये समान काय आहे हे त्याने आपलं आपण शोधलं. आणि समान काहीतरी होतं. रोज बरोबर चालणाऱ्या माणसांची पावलं जुळतात, बरोबर गाणाऱ्यांचे श्वास जुळतात. तसंच, वर्षानुवर्षं एका गच्चीवर पापड लाटणाऱ्या बायकांचे हात एकाच जागी थबकतात, एकाच वेळी घाई करतात. हे हातात मुरायला काही आठवडे लागतात आणि विरायलाही. यंत्र ती संगत ओळखायला शिकलं होतं. एकटा माणूस त्याला कधी दिसलाच नव्हता.

म्हणजे यंत्र चुकत नव्हतं. ते फक्त भलत्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर देत होतं. आणि आपलं उत्तर काय आलंय हे केतकीने आत्ताच गॅलरीत बघितलं होतं.

पुण्यात परतल्यावर तिने फडतरेंना कारण सांगितलं. “पापड?” ते म्हणाले. पुढच्याच आठवड्यात, जळगावच्या त्या गृहस्थांनी आणि आणखी चार हजार जणांनी केलेल्या अर्जावर ग्राहक न्यायाधिकरणाचा आदेश आला: तीस एप्रिलपर्यंत तपासणी दुरुस्त करा, नाहीतर गेम बंद. नातेतपासणीचं प्रॉडक्ट, त्याचं तयार झालेलं बोधचिन्ह आणि दोन कप, सगळं रद्द झालं. या खेपेला शंभर माणसं शंभर वेगवेगळ्या खोल्यांत बसवून खेळवायची ठरली. पापड लाटण्यास मनाई असा वेगळा फलक लावण्यात आला. नवी आवृत्ती आली की परवाना खरोखर एका हाताचा होणार होता. छायाताईंचा गेम छायाताईंनाच चालणार होता, शबानाला नाही, केतकीलाही नाही. त्यानंतर कुणाचे किती पडतात हे कुणालाच कळणार नव्हतं.

केतकीच्या जागी दुसरं कुणी असतं तर सुटलो म्हणालं असतं. तीही म्हणाली. मग त्या आठवड्यात तिने जे केलं ते कंपनीच्या नियमांनुसार बडतर्फीचं कारण होतं. तिने आईच्या परवान्यात शिरून, आपल्या हाताची नक्षी आली की गणित बाजूला ठेवून गोटे सरळ खाली सोडायचे, अशा चार ओळी लिहिल्या. जगातली सर्वांत कडक तपासणी पहिल्यांदा फोडली गेली ती अशी, जिने बांधली तिच्याच हातून.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा साताऱ्यात. “दुरुस्त केलंय, बघ,” म्हणून तिने आईसमोर झटका दिला.

टक. टक. टक. टक. टक.

शबानाने टाळी वाजवली. छायाताईंनी वाजवली नाही. “पुन्हा मार,” त्या म्हणाल्या. केतकीने पुन्हा मारला. टक. टक. टक. टक. टक.

“आता तिरका मार. जोरात.”

टक. टक. टक. टक. टक.

छायाताईंनी फोन हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत दिला.

“खोटा पास आहे,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. खिडकीतला आवाज होता. “कसाही उडव, एकसारखेच पडतात. खरे गोटे असे पडत नाहीत. एक पुढे येतो, एक रेंगाळतो. तू उडवलेस कुठे आणि पडले कुठे, काही संबंध आहे का?”

“आई, ते—”

“पडले नाहीत म्हणून मी काही म्हटलं होतं का तुला?”

“नाही.”

“मग?”

शबाना चहा टाकायला आत गेली आणि चहा उकळून आटला तरी बाहेर आली नाही. त्या दुपारी केतकीने चार ओळी पुसल्या. मग ऑफिसला कळवलं, की तीस एप्रिलपर्यंत ती साताऱ्याहून काम करेल. कारणाच्या रकान्यात तिने ‘डेटा’ असं लिहिलं.

ती आतल्या खोलीत टेबल मांडून बसली. सकाळी नऊ ते रात्री आठ, कानात हेडफोन. जेवायला बाहेर यायची, जेवून आत जायची. रोज संध्याकाळी आईचा फोन घेऊन एक झटका द्यायची. दोन आठवडे झाले. गोटे वरच.

“काही कळत नाही,” ती एकदा मोठ्याने म्हणाली. “चौदा दिवस एका घरात आहोत. काहीतरी फरक दिसायला हवा होता.”

शबाना जायला निघाली होती. चपला घालता घालता ती म्हणाली, “ताई, राग नका मानू. तुम्ही आत बसता. मावशी बाहेर बसतात. मधे भिंत आहे.”

दुसऱ्या दिवशी पापड सुरू झाले. केतकी लॅपटॉप बंद करून गच्चीवर गेली. तिच्यासाठी कुणी सरकलं नाही, पण जागा झाली. शबाना डांगराच्या, म्हणजे मळलेल्या पिठाच्या, वळकट्या करून दोऱ्याने लाट्या पाडत होती. केतकीपुढे पोळपाट आला. तिचा पहिला पापड छायाताईंनी उन्हाकडे धरून बघितला.

“हा कुठला जिल्हा?”

“गडचिरोली,” पलीकडच्या नलवडेकाकू म्हणाल्या. “लांबुडका आहे बघा.”

“असू दे, वाळला की कळत नाही,” शबाना म्हणाली.

“वाळला की जास्त कळतं,” छायाताई म्हणाल्या, आणि पापड कडेला वाळत घातला. सगळ्यांच्या बरोबरच, पण कडेला.

गच्चीचा एक नियम होता: पिठाचा हात फोनला लावायचा नाही. केतकीचे हात दिवसभर पिठात. ऑफिसचं काम ती पहाटे उठून उरकायची. त्यामुळे संध्याकाळचा झटका राहू लागला. आधी एक दिवस, मग चार दिवस. मग तिच्या लक्षातच राहिलं नाही, कारण उडदाचे संपून नाचणीचे सुरू झाले होते आणि नाचणीचा पापड तुटतो. नलवडेकाकूंच्या सुनेचं काय चाललंय हे तिला कळलं. शबानाचा नवरा दुबईहून आठ वर्षांत दोनदा आला हे कळलं. आईला डाव्या कानाने कमी ऐकू येतं हेही कळलं. वीस मिनिटांच्या कॉलमध्ये ते कळायची सोय नव्हती, कारण आई फोन नेहमी उजव्या बाजूला टेकवून बसायची.

तीस एप्रिलला सकाळी अकरा वाजता फडतरेंचा फोन आला. नवी आवृत्ती तयार होती. ती जगात सोडण्यासाठी केतकीची मंजुरी लागायची, आणि मंजुरी म्हणजे तिच्या अंगठ्याचा झटका. कंपनीने स्वतःच्या कारभारालाही हीच तपासणी लावली होती. तसं जाहिरातीत लिहिलं होतं.

केतकी खाली आली, हात धुतले, लॅपटॉपला जोडलेल्या ऑफिसच्या फोनवर अंगठा टेकवला. दसऱ्यापासून हा झटका तिने शेकडो वेळा दिला असेल.

गोटे वर गेले. पाचही वरच राहिले.

‘हा हात ओळखीचा नाही.’

“काय झालं?” फडतरे फोनवर म्हणाले. “इथे नामंजूर दिसतंय.”

“सर, माझा हात घेत नाहीये.”

“अगं, तुझाच हात ना?”

“माझाच.”

“मग?”

केतकीने लटकलेल्या गोट्यांकडे बघितलं. यंत्राने तिला आजवर ओळखलं होतं ते ऑफिसातल्या हातांमधली एक म्हणून. सात आठवडे ती त्यांच्यात नव्हती. यंत्राच्या हिशेबी ती आता तिथली कुणी लागत नव्हती. फडतरेंना हे सांगायला पंधरा मिनिटं लागली असती आणि त्यांनी शेवटी ‘पापड?’ म्हटलं असतं.

“सर, म्हसकरांच्या हाताने सोडा. ते रोज ऑफिसात बसतात, त्यांचा चालेल.”

“त्यांना बोलवायला लागेल, सुट्टीवर आहेत. म्हणजे संध्याकाळचे सहा.”

“सहा चालतील.”

ती वर आली. ऊन चढलं होतं. शेवटचा घाणा होता आणि सगळ्यांचीच गडबड चालली होती. सतरंजीच्या टोकाला छायाताईंचा फोन टुणटुणला. मागच्या उन्हाळ्यापासूनचा त्यांचा रोजचा तास.

“हात कोणाचे मोकळे आहेत?” छायाताईंनी मान वर न करता विचारलं.

शबानाच्या कोपरापर्यंत पीठ होतं. नलवडेकाकूंच्या दोन्ही हातांत लाट्या होत्या. धुतलेले, कोरडे हात गच्चीवर एकीचेच होते.

केतकी खाली बसली. सहा वाजता हा गेम एकाच माणसाला ओळखू लागणार होता आणि ते योग्यच होतं, तशी दुरुस्ती तिनेच लिहिली होती. तिने अंगठा काचेवर टेकवला, थोडी थबकली, आणि झटका दिला.

पाच गोटे वर गेले. चार तिथेच थांबले. पाचवा जरा रेंगाळला, कलला आणि खाली आला.

टक.

लाटणी थांबली नाहीत. छायाताईंनी उजवा कान फोनकडे केला होता, तो तसाच होता.

“एकच पडला,” केतकी म्हणाली.

“पहिल्या डावात एकच उचलायचा असतो,” छायाताई म्हणाल्या. “ठेव ते आता, आणि पोळपाट ओढ. लाट्या सुकत चालल्यात.”